नाव न घ्यायच्या गावाचा पूल

मुक्काम सौंदड
वैशाख वद्य पंचमी, सन १९३९

महापरसाद, सीताराम!

महापरसादीनबाईंना दोन्ही हात जोडून सीताराम. झामसिंगला आशीर्वाद, सूनबाई चमेलीला दुप्पट आशीर्वाद (एक तिचा, एक पोटातल्याचा), आणि तुमच्या त्या मोडक्या शिंगाच्या बैलालाही माझा रामराम सांगा, काऊन की मागच्या खेपेला निघताना त्याच्याशी बोलायचं राहिलं आणि तो स्वभावानं तुमच्यासारखाच आहे, मनात धरून ठेवते. तुमचे गुडघे कसे आहेत? मी नागपूरहून पाठवलेलं तेल चोळून राहिले का दिव्यात घालून राहिले, खरं सांगा. तेंदूपत्त्याची तोड सुरू झाली असेल. इकडे आमचं सगळं ठीक आहे. म्हणजे ठीक काहीच नाही, पण पत्राच्या वरच्या बाजूला तसं लिहायचं असते म्हणून लिहिलं.

पाकिटावरचं अक्षर माझं नाही हे तुम्ही ओळखलंच असेल. तुमचं नाव मी कसा लिहीन? केवलराम मुनशीला ओसरीवर बसवलं, पाकीट त्याच्यापुढे ठेवलं आणि तो लिहीपर्यंत अंगणातल्या कोंबड्या पाहत तोंड फिरवून उभा राहिलो. लहानपणी तुमच्या आजोबांनी जगन्नाथपुरीहून आणलेला प्रसादाचा भात आपण एकमेकांच्या तोंडात घातला, त्या दिवसापासून तुम्ही माझे महापरसाद आणि मी तुमचा. सख्ख्या भावापेक्षा जवळचे, एकानं मागितलं तर दुसऱ्यानं नाही म्हणायचं नाही, आणि जन्मात एकमेकांचं नाव घ्यायचं नाही. (हे तुम्हाला सांगायची काय गरज? पण नागपुरात दोन वर्षं ज्याला त्याला हेच समजावून सांगून राहिलो, आता जीभ आपोआप सुरू होते.) तोंडानं घ्यायचं नाही ते हातानं तरी कसं घ्यायचं?

परवा आमच्या गावचा खुशाल देवरीच्या बाजारातून आला. त्याच्याजवळ तुम्ही निरोप दिला म्हणे, "मेंबराले इचारजो, पूल कुठी हाय?" महापरसाद, पुलाचं विचारलं त्याचं मला काही वाटलं नाही. पण तुम्ही मला मेंबर म्हणालात! अख्खा जिल्हा मेंबर म्हणते, घरची मंडळी रागात असली की मेंबर म्हणते, पण तुम्ही? त्या रात्री मला भात गोड लागला नाही. (खाल्ला. पण गोड लागला नाही.) म्हणून आज सगळं लिहायला बसलो आहे. झामसिंग तुम्हाला हे वाचून दाखवत असेल. झामसिंग, बाबा, सावकाश वाच, आणि तुझा बाप मधेच उठून गोठ्याकडे जायला लागला तर धोतर धर.

पहिली गोष्ट म्हणजे यात माझी काही चूक नाही. उभं राहायला तुम्हीच लावलं. मी धानाच्या बांधीत शेणखत पसरवून राहिलो होतो, बिचारा, सुखी माणूस. आणि तुम्ही धुऱ्यावर येऊन म्हणालात की पावसाळाभर आमच्या गावचा नाला माणूस पलीकडे जाऊ देत नाही, सुईण देवरीच्या अंगाला राहाते, आमच्या बाया अर्ध्या जीवानं बाळंत होतात, नाल्यावर पूल पाहिजे आणि पुलासाठी नागपूरच्या असेंब्लीत आपला माणूस पाहिजे, तर तुम्ही उभे राहा. दुसरा कोणी असता तर त्याला मी त्याच शेणखतात बसवला असता. पण महापरसादाला नाही कसं म्हणू? खताचे हात धुतले आणि उभा राहिलो.

निवडणूक तर तुमच्यासमोरच झाली. समोर गोंदियाचे वकीलसाहेब, काळा कोट, मोटार, हिंदी अशी की ऐकताना आपणच गुन्हा केला असं वाटावं. देवरीच्या सभेत अध्यक्ष तुम्ही होते, आणि सभेत अध्यक्षाचं नाव घेऊन आभार मानायची रीत आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी पाटलांचे आभार मानले, कोतवालाचे मानले, सतरंजीवाल्याचे मानले, कंदिलाचे मानले, आणि तुमच्यापाशी येऊन हात जोडून गप्प उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी त्याच जागी वकीलसाहेबांनी भाषण ठोकलं, "जो आदमी अपने दोस्त का नाम नहीं ले सकता, वो आपका दुखड़ा क्या सुनाएगा?" झालं! त्या मैदानात बसलेल्या प्रत्येकाचा कोणी ना कोणी महापरसाद होताच, बायांच्या महापरसादिनी होत्या. सगळ्यांना वाटलं आपल्याच नात्यावर थुंकला. वकीलसाहेबांची मोटार चिखलात फसली तर ढकलायला माणूस मिळाला नाही, आणि मी निवडून आलो. (आता दोन वर्षांनी वाटते की वकीलसाहेब बोलले ते अगदी बरोबर होतं. पण हे कोणाला सांगू नका. झामसिंग, तूही नको.)

नागपूरला गेलो तर पहिल्या दिवशी असेंब्लीच्या दाराशी चपला काढल्या, जसं चार पंच बसतात तिथे काढतो तसं. बाहेर आलो तर चपला नाहीत. शिपायाला विचारलं तर तो म्हणते, साहेब, इथे चपला काढणारे तुम्हीच पहिले, आम्हाला वाटलं कोणी टाकून दिल्या. तसाच अनवाणी बिऱ्हाडी गेलो. लोकांना वाटलं गरिबांसाठी व्रत घेतलं आहे, आणि दुसऱ्या दिवशी दोघातिघांनी मला पाहून आपल्याही चपला सोडल्या. आत सगळं इंग्रजीत चालते. एक जण उठते, बोलते, बसते; दुसरा उठते, पहिल्यावर रागावते, बसते; मग दोघं मिळून चहा पितात. मी मात्र एकच गोष्ट मनात धरून बसलो होतो, नाल्यावर पूल. चमेली तेव्हा लग्न होऊन घरात आली नव्हती, पण सून येणार, तिचंही बाळंतपण पावसाळ्यात येऊ शकते, एवढा विचार मी तेव्हाच केला होता. आता श्रावणात तिचे दिवस भरतात आणि नाला श्रावणात कसा असते ते मी पाहिलेलं आहे. म्हणून म्हणतो, मी विसरलो असा समज करून घेऊ नका.

अडलं कुठे ते आता ऐका. तुमचं गाव वसवलं तुमच्या आजोबांनी, म्हणून गावाला त्यांचं नाव आणि पुढे टोला, जसा आपल्याकडे प्रत्येक लहान वस्तीला लागते. आणि तुमच्या घरची रीत अशी की मूळपुरुषाचं नाव एक पिढी सोडून ठेवायचं, म्हणून तेच नाव तुम्हाला. म्हणजे जे तुमचं नाव तेच गावाचं नाव! आता मला सांगा, आपण लहान होतो तेव्हापासून मी तुमच्या गावाला "तिकडे" म्हणत आलो, घरची मंडळी "महापरसादाकडे" म्हणते, गाडीचे बैल तर न सांगताच वळतात. कधी अडलं का? कधीच नाही. पण असेंब्लीत "तिकडे" चालत नाही हो!

माझी पाळी आली. उभा राहिलो, सगळ्यांना हात जोडले आणि म्हणालो की देवरीच्या जंगलात एक गाव आहे, त्याच्या नाल्यावर पूल पाहिजे. अध्यक्षसाहेबांनी विचारलं, कोणतं गाव? मी म्हणालो, नाव घेता येत नाही. ते म्हणाले, कठीण आहे का? मी म्हणालो, सोपं आहे, लहान लेकरूही घेईल, मीच घेऊ शकत नाही. मागे कोणीतरी हसलं. मग मी महापरसादाचं सगळं समजावून सांगितलं, पुरीच्या भातापासून. आमच्या भागातले दोघं-चौघं मेंबर मान हलवून राहिले होते, वऱ्हाडातले कपाशीवाले एकमेकांकडे पाहून राहिले होते, आणि जो साहेब सगळं लिहून घेते त्यानं पेन खाली ठेवून दिला होता. मी तयारीचा माणूस, केवलरामकडून नाव लिहवून चिठ्ठी खिशात ठेवलीच होती (घडी घालून, आत न पाहता). ती पुढे केली. अध्यक्षसाहेब म्हणाले, इथे चिठ्ठ्या चालत नाहीत, सभासदानं स्वतःच्या तोंडानं बोलावं. मग नकाशा मागवला. नकाशात आपला सगळा मुलूख हिरवा रंगवून ठेवला आहे, जशी तिथे माणसं नाहीतच. मी बोट ठेवलं. पण महापरसाद, नांगर धरणाऱ्याचं बोट ते, त्याच्याखाली अख्खा परगणा झाकला गेला. मी बोट उचललं तर तिथे फक्त घामाचा डाग. सगळी असेंब्ली पोट धरून हसली.

मी हललो नाही. नालाही तिथेच आहे, मीही इथेच आहे, असं म्हणून हात जोडून उभाच राहिलो. जेवणाची वेळ झाली तरी उभाच. शेवटी मंत्रीसाहेबांना भूक लागली असावी. ते उठले आणि म्हणाले की माननीय सभासद ज्या गावाचं नाव घेत नाहीत, त्या गावाला पूल मंजूर. टाळ्या पडल्या. मी त्याच संध्याकाळी तीच चिठ्ठी तारबाबूपुढे सरकवून तुम्हाला तार केली, "पूल झाला", आणि बर्डीच्या बाजारात जाऊन पावभर पेढे एकट्यानं खाल्ले. (तुमच्यासाठी घेतले होते. तुम्ही नव्हते.)

तेच शब्द कागदावर उतरले आणि तोच कागद घेऊन ओव्हरसीयर निघाला. मी नागपुरातच होतो, इथेच माझा घात झाला. तो मोटारनं कोहमाऱ्याला उतरला, चहाच्या दुकानात बसला आणि चार लोकांना विचारलं की सौंदडचे मेंबर भैय्यालाल कोणत्या गावाचं नाव घेत नाहीत? आता कोहमाऱ्याच्या लोकांचा तरी काय दोष? त्यांनी विचार केला. माणूस कोणाचं नाव घेत नाही? बायकोचं! आणि तिथून कोसभरावर एक टोला आहेच, घरच्या मंडळींचं जे नाव तेच त्या गावाचं. (कोणतं ते तुम्ही समजून घ्या. तिचंही नाव मी कधी घेतलं नाही, आता या वयात काय लिहू?) ते तिचं माहेर नाही, तिथे आमचं कोणी नाही, आम्ही तिथे कधी पाणीही प्यालो नाही. पण लोकांनी ओव्हरसीयरला मोठ्या प्रेमानं, गाडी जुंपून, तिथे नेऊन पोचवला.

त्या टोल्याला नाला नाही महापरसाद. नाला नाही, ओढा नाही, पाट नाही, बैल धुवायला चांगला खड्डा नाही. ओव्हरसीयरला म्हणे शंका आली. पण कागदावर पूल मंजूर, नाला मंजूर आहे की नाही त्याबद्दल कागद गप्प. त्यानं धानाच्या बांधीत तीन कमानींचा दगडी पूल बांधला. असा पूल की पाहावा! इकडे बांधी, तिकडे बांधी, मधे पूल. लोकं खालून जातात, काऊन की वरून गेलं तर चढ लागते. वर मोहफुलं वाळतात, खाली सावलीत बकऱ्या बसतात, आणि लग्नसराईत एक वरात दोन दिवस तिथेच उतरली होती.

उद्घाटनाला मलाच बोलावलं. मी रागानं गेलो, चांगले चार शब्द सुनवावे म्हणून. तर तिथे वाजंत्री, पताका, आणि गावची म्हातारी अनुसयाबाई माझ्या पाया पडून म्हणते, "बाबू, आमच्या गावाले आजवर कोनी काईच देल्लं न्हाई, तुमी पूल देल्ला." मी तिला हाताला धरून उठवलं. त्यांनी पुलाखाली घागरभर पाणी ओतलं, दिसायला बरं दिसावं म्हणून, आणि मी त्या पाण्यावरून पूल ओलांडला. पलीकडे पोचेपर्यंत पाणी जमिनीत मुरलं होतं. घरची मंडळी सोबत होती. तिचा तर पायच जमिनीवर नव्हता. पुलावर बसून तिनं शिदोरी सोडली आणि मला म्हणाली, "इतके वर्स झाले, एक लुगडं आणता आलं न्हाई, अन् पूल बांधून देल्ला!" आता तिला खरं कसं सांगू? अजून सांगितलं नाही. (झामसिंग, हे तुझ्या आईसमोर वाचू नको, दोघी महापरसादिनी भेटल्या की संपलं.)

तरी मी हार मानली नाही. पुन्हा नागपूर, पुन्हा असेंब्ली. उठलो आणि म्हणालो की मंजूर झालेला पूल चुकीच्या गावात बांधला गेला. मंत्रीसाहेब म्हणाले, कोणत्या गावात? मी म्हणालो, त्याचंही नाव घेता येत नाही. महापरसाद, त्या दिवशी असेंब्लीत कोणी हसलं नाही. अध्यक्षसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि फार हळू आवाजात मला विचारलं की आपल्या मतदारसंघात असं एखादं गाव आहे का, ज्याचं नाव आपण घेऊ शकता? मी म्हणालो, सौंदड. तर सौंदडला एक पूल मंजूर करून टाकला! मी ओरडून राहिलो, नको, नको, आम्हाला नको, पण तोवर ते पुढच्या विषयावर गेले होते. तोही पूल येत्या हिवाळ्यात होणार आहे. जागा शोधून राहिलो.

तुम्ही म्हणाल, कायले एवढा तमाशा? एकदा डोळे मिटून नाव घेऊन टाकायचं होतं, नारळ फोडून दंड दिला असता. मीही तसा विचार केला. आरशासमोर उभा राहून तोंड उघडलंही. पण पहिलं अक्षर ओठावर आलं आणि मला तुमचा तो हात दिसला, भाताचा घास धरलेला, कोपरापर्यंत खरकटा. नाही निघालं. मेंबरकी जाईल, हसतील, पुन्हा कोणी निवडून देणार नाही, चालेल. हे नाही जमलं, आणि खरं सांगतो, याची मला लाजही वाटत नाही. तेवढ्यासाठी मला मेंबर म्हणू नका.

एवढंच लिहायचं होतं. मनात काही ठेवू नका, आणि बैलालाही ठेवू देऊ नका.

तुमचा,
भैय्यालाल
(हे मनातल्या मनात वाचा, तोंडानं नको.)

ताजा कलम: तेंदूपत्ता आटोपला की चारोळी थोडी पाठवा. घरची मंडळी त्या पुलावर खीर करून गावजेवण घालतो म्हणते. मी समजावून थकलो.

आणखी एक: पत्र लिहिलं ते या गोष्टीसाठी, पण वर लिहायला धीर झाला नाही. या पावसाळ्याआधी तुमच्या नाल्यावर पूल होत नाही. मी देव पाण्यात घातले तरी होत नाही. मला मेंबर करून तुमचा काही फायदा झाला नाही, हे कबूल. म्हणून आता मी मागतो आणि तुम्हाला नाही म्हणता येणार नाही. मृग लागायच्या आत चमेलीला गाडीत घाला आणि सौंदडला आणून सोडा. इथे सुईण दोन घरं पलीकडे आहे, शामकला नाव तिचं (हिचं नाव घेता येते, देवाची कृपा). घरच्या मंडळींनी आतली खोली सारवून ठेवली, बाज विणायला टाकली, आणि मला म्हणाली, "पूल गेला चुलीत, पोरीले इकडं आना." पहिलं बाळंतपण माहेरी होते म्हणाल, तर तिचं माहेरही नाल्याच्या तिकडलंच. आमचंच माहेर समजा. तुम्हीही या. दिवाळीपर्यंत राहा. गुडघ्यांना तेल मी चोळीन.

शेवटचं: तुमच्या घरची रीत, एक पिढी सोडून. हिशेब केला तर या वेळी पोरगा झाला तर पाळी त्याच नावाची येते. महापरसाद, ही रीत एवढी एक वेळ सोडा. खेमराज ठेवा, मुन्नालाल ठेवा, पंचांगात निघेल ते ठेवा, ते नको. आणि पोरगी झाली तर घरच्या मंडळींनी आत्तापासून एक नाव सुचवून ठेवलं आहे, स्वतःचंच, पुलाला शोभलं म्हणून. तेही ऐकू नका. तुम्हाला मी उभ्या जन्मात एकदाही नावानं हाक मारली नाही, त्याची तक्रार नाही. पण ते लेकरू माझ्या अंगणात रांगणार, कोंबड्यांच्या मागे लागणार, विहिरीकडे जाणार. त्याला मला हाक मारायची आहे. मोठ्यानं, अख्ख्या सौंदडला ऐकू जाईल अशी, नाव घेऊन.